किती महिने? आजारी डॉक्टर, आटलेले उत्पन्न आणि व्यवसाय-आरोग्याचा तज्ज्ञ

मराठीत ‘फिट’ हा एकच उसना शब्द आपण दोन उलट अर्थांनी वापरतो. ‘त्याला फिट आली’ म्हटले की अपस्माराचा झटका आणि ‘तो एकदम फिट आहे’ म्हटले की ठणठणीत प्रकृती. ब्रिटनमध्ये आजारी नोकरदाराला डॉक्टर जो दाखला देतात, त्याला पूर्वी ‘सिक नोट’ म्हणत आणि एप्रिल २०१० पासून ‘फिट नोट’ म्हणतात. या नामांतरामागे एक विचार होता. माणूस एकतर आजारी किंवा बरा, असे दोनच रकाने ठेवले तर फसगत होते, कारण या दोहोंच्या मध्ये एक रुंद पट्टा असतो आणि त्या पट्ट्यातली माणसे काही अटी पाळून, काही कामे टाळून, काही तास का होईना, काम करू शकतात. हा मधला पट्टा ओळखणे आणि मोजणे हे व्यवसाय-आरोग्य तज्ज्ञाचे काम आहे. रुग्णालयाच्या बोलीत त्याला ‘ऑक्युपेशनल हेल्थचा डॉक्टर’ म्हणतात.

आजारी पडलेला माणूस स्वतःच डॉक्टर असेल आणि आजारपणात त्याच्या घरी पैशाची ओढाताण सुरू झाली असेल, तर या तज्ज्ञाचा उपयोग कुठे होतो, हे या लेखात पाहायचे आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांनीच डॉक्टरांसाठी स्थापन केलेल्या धर्मादाय संस्था आहेत आणि त्यांतल्या काही तर दोन शतकांच्या घरात पोहोचल्या आहेत. अशा संस्थेला पैशाची देणगी कुणीही देऊ शकतो. व्यवसाय-आरोग्याचा डॉक्टर मात्र तिथे पैशाखेरीज आणखी एक गोष्ट देऊ शकतो आणि माझ्या मते तिचे मोल देणगीहून अधिक आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मराठी वाचकाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे आजारपण आणि पैसा हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर रुग्णालयाचे बिल येते. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली आणि तेव्हापासून उपचाराच्या बिलामुळे घर बसण्याची भीती जवळपास नाहीशी झाली. मग तिथल्या डॉक्टरला मदतीची गरज का भासावी? कारण तिथे आजारपण खिसा रिकामा करते ते खर्चाच्या बाजूने नव्हे, उत्पन्नाच्या बाजूने. बिल येत नाही. पगार यायचा थांबतो.

हे कसे घडते ते आकड्यांतून लवकर कळते. एनएचएसमधील डॉक्टरांच्या सर्वसाधारण अटींनुसार पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्या डॉक्टरला आजारपणात सहा महिने पूर्ण पगार आणि पुढचे सहा महिने अर्धा पगार मिळतो. ही तरतूद उदार आहे, यात शंका नाही. पण सेवेच्या पहिल्याच वर्षात असलेल्या डॉक्टरला एक महिना पूर्ण पगार मिळतो आणि चार महिने सेवा झालेली असेल तर त्यावर दोन महिने अर्धा पगार, एवढेच. त्यानंतर कायद्याने ठरवून दिलेला तुटपुंजा आजारभत्ता मिळतो आणि त्याचीही मर्यादा २८ आठवड्यांची आहे. लोकम म्हणून, म्हणजे बदली डॉक्टर म्हणून, रोजंदारीवर काम करणाऱ्याची स्थिती याहून नाजूक असते, कारण ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसा नाही. फॅमिली डॉक्टरांपैकी जे दवाखान्याचे भागीदार असतात ते तर नोकरदारच नसतात. ते आजारी पडले की दवाखान्याला बदली डॉक्टरचा खर्च सोसावा लागतो आणि भागीदारीच्या करारात काय लिहिले आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मराठी भूलतज्ज्ञ डॉक्टरने महाराष्ट्रात शिक्षण पूर्ण केले, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी द्यावी लागणारी प्लॅब ही परीक्षा दिली, तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी मँचेस्टरची वारी केली आणि उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नोकरी पत्करली. नोकरीला नऊ महिने झाले आहेत. गावाकडे शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जातो आहे. लागोपाठ चार रात्रपाळ्या संपवून घरी परतल्यावर एका सकाळी तिला आयुष्यातली पहिली फिट येते.

तिचा मेंदूविकारतज्ज्ञ तपासण्या करतो, गरज वाटली तर औषध सुरू करतो आणि काही आठवड्यांनी सांगतो की प्रकृती समाधानकारक आहे. त्याच्या दृष्टीने काम झाले. पण रुग्णालयाच्या आणि तिच्या स्वतःच्या दृष्टीने खरे प्रश्न इथूनच सुरू होतात. झोपमोड ही फिट येण्याला कारणीभूत ठरणारी जुनी, ओळखीची गोष्ट आहे; मग रात्रपाळीचे काय करायचे? ऑपरेशन थिएटरमध्ये बेशुद्ध रुग्णाजवळ ती एकटी असताना पुन्हा झटका आला तर रुग्णाच्या श्वासाची काळजी कोण घेणार? ब्रिटनच्या नियमांप्रमाणे अशी पहिली, विनाकारण आलेली फिट असेल तर साधारण सहा महिने मोटार चालवता येत नाही आणि अपस्माराचे निदान पक्के झाले तर शेवटच्या झटक्यापासून बारा महिने. मग पंधरा मैलांवरच्या दुसऱ्या इमारतीतली तिची ड्युटी कशी व्हायची?

या प्रश्नांची उत्तरे मेंदूविकारतज्ज्ञाकडे नसतात, कारण थिएटरमधला भूलतज्ज्ञाचा दिवस कसा जातो हे त्याला माहीत असायचे कारण नाही. ती खातेप्रमुखाकडेही नसतात, कारण त्याला आजार कळत नाही आणि गोपनीयतेमुळे तो पुरता कळूही नये. ज्याला दोन्ही बाजू ठाऊक आहेत असा एकच माणूस या साखळीत असतो. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली असे सुचवले होते की रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांमध्ये वैद्याने आणखी एका प्रश्नाची भर घालावी: तुम्ही काम काय करता? व्यवसाय-आरोग्य ही शाखा या एका प्रश्नातून वाढली. तिची आरंभीची शतके शिसे, कोळसा, कापसाची धूळ आणि पारा यांच्यात गेली. ब्रिटनमध्ये १८९८ साली थॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले, तेव्हा त्यांच्यासमोरचा मोठा प्रश्न शिसेबाधेचा होता. रुग्णालय हेही एक कामाचे ठिकाण आहे आणि तिथेही माणसे कामामुळे आजारी पडतात, हे मात्र वैद्यकाच्या बरेच उशिरा लक्षात आले. याला दिव्याखाली अंधार म्हणावे, तर तो दिवा लावणाऱ्यांच्याच पायाशी होता.

रुग्णालयातल्या या विभागाचे रोजचे काम तसे साधे असते. नव्या कर्मचाऱ्याची हेपटायटिस बीची लस झाली आहे का ते पाहणे, हातमोज्यांच्या ॲलर्जीने हाताला आलेला इसब तपासणे, रुग्ण उचलताना लचकलेल्या कमरेची दखल घेणे आणि कुणाला सुई टोचली तर पुढची धावपळ करणे. सुई टोचण्याबाबत तिथे एक ढोबळ हिशेब शिकवतात तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुई बाधित रुग्णाच्या रक्ताची असेल तर हेपटायटिस बीचा धोका, लस न घेतलेल्या व्यक्तीसाठी, जास्तीत जास्त तिघांत एक. हेपटायटिस सीचा तिसांत एक. आणि एचआयव्हीचा तीनशेत एक. लोक सगळ्यांत जास्त घाबरतात ते या यादीतल्या शेवटच्याला.

पण या विभागाचे अवघड काम आमच्या भूलतज्ज्ञासारख्या माणसांचे असते. त्यात डॉक्टर निदान करत नाही आणि औषधही लिहून देत नाही. तो आजाराचा कामावर आणि कामाचा आजारावर होणारा परिणाम मोजतो आणि मग व्यवस्थापनाला सल्ला देतो. तो सल्ला साधारण असा असतो: सहा आठवड्यांनी कामावर येऊ शकेल, पहिले दोन आठवडे अर्धा वेळ, रात्रपाळी सहा महिने नको, थिएटरमध्ये दुसरा भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असावा, मोटार चालवावी लागेल असे काम नको, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. या अहवालात आजाराचे नाव असलेच पाहिजे असे नाही. अहवाल पाठवायला कर्मचाऱ्याची संमती लागते आणि तो आधी वाचून पाहण्याची संधी त्याला द्यायची असते. ग्रेट ब्रिटनमध्ये या सल्ल्याला २०१० च्या समानता कायद्याचे पाठबळ आहे. बारा महिने टिकलेला किंवा टिकण्याचा संभव असलेला आणि रोजच्या जगण्यात मोठा अडथळा आणणारा विकार त्या कायद्यात अपंगत्व धरला जातो आणि मग मालकाला कामात वाजवी बदल करावे लागतात. यातली एक बारीक तरतूद फार शहाणपणाची आहे. अडथळा किती, हे ठरवताना औषधाचा परिणाम वजा करून पाहायचे असते. त्यामुळे गोळ्यांनी फिट पूर्ण थांबल्या असल्या तरी अपस्माराच्या रुग्णाचे संरक्षण सहसा संपत नाही.

येथवर सगळे सुरळीत दिसते. पण वरचा सल्ला पुन्हा वाचून त्यातला प्रत्येक शब्द पैशात रूपांतरित करून पाहा. सहा आठवडे रजा, म्हणजे एक महिना पूर्ण पगार आणि पुढे अर्धा. रात्रपाळी नको, म्हणजे रात्रीचा जादा पगारही नाही; इंग्लंडमधील निवासी डॉक्टरांच्या २०१६ च्या करारात रात्रीच्या तासांना मूळ दरावर ३७ टक्के वाढ मिळते आणि तरुण डॉक्टरांच्या घरखर्चाचे गणित या वाढीवर बसवलेले असते. (जाता जाता, ज्यांना ब्रिटन कालपरवापर्यंत ‘ज्युनिअर डॉक्टर’ म्हणत असे, त्यांना सप्टेंबर २०२४ पासून तिथेही ‘निवासी डॉक्टर’ म्हणू लागले आहेत. आपण या बाबतीत पुढे होतो.) मोटार बंद, म्हणजे पहाटेच्या ड्युटीला टॅक्सी. वैद्यकीय दृष्टीने अगदी बरोबर असलेला सल्ला घराच्या दृष्टीने महाग पडतो, आणि सल्ला देणाऱ्या डॉक्टरला हे ठाऊक असूनही त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर पैसे लिहिता येत नाहीत.

शिवाय आमची भूलतज्ज्ञ परदेशी आहे. ब्रिटनमधल्या एक-तृतीयांशाहून अधिक डॉक्टरांचे वैद्यकीय शिक्षण त्या देशाबाहेर झाले आहे आणि त्यांत भारतातून गेलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या नोकरीच्या व्हिसावर एक अट छापलेली असते: सार्वजनिक निधीतून मदत नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकार जे साहाय्य देते ते या अटीमुळे त्यांना मागता येत नाही. कायद्यातला आजारभत्ता मिळतो, कारण तो त्या निधीत मोडत नाही. पण त्यावर घरभाडेही धड भागत नाही. नोकरीच सुटली तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला सहसा साठ दिवसांची मुदत मिळते. म्हणजे स्थानिक डॉक्टरच्या पायाखाली नोकरीचा पगार, सरकारी साहाय्य आणि नातेवाईक अशा तीन पायऱ्या असतात, त्यांतल्या दोन या मुलीच्या पायाखाली नसतातच. आपल्या माणसांच्या मंडळींतून कुणीतरी वर्गणी काढायची तयारी दाखवतो, पण वर्गणी काढायची म्हणजे काय झाले ते सगळ्यांना सांगायचे. अपस्मार असेल तर लग्नाच्या बोलण्यांपर्यंत त्याचे पडसाद जातात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मदत मिळते आणि त्याच वेळी गोष्ट फुटते. त्यामुळे अनेकजण मदत नको म्हणतात.

डॉक्टरांच्या धर्मादाय संस्था नेमक्या या ठिकाणी उपयोगी पडतात. त्यांची परंपरा एनएचएसच्या कितीतरी आधीची आहे. रुग्णाचा ताप डॉक्टरला लागायचा आणि डॉक्टर गेला की त्याची विधवा व मुले उघड्यावर पडायची, असा तो काळ होता. लंडनमध्ये १७८८ साली वैद्यकीय व्यावसायिकांच्या विधवा आणि अनाथ मुलांच्या साहाय्यासाठी एक संस्था निघाली, ती आजही वेगळ्या नावाने काम करते. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी १८३२ साली वूस्टर येथे डॉक्टरांची जी संघटना उभारली आणि जी पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन म्हणून ओळखली गेली, तिच्या वर्तुळातून १८३६ साली एका साहाय्य निधीची सुरुवात झाली. तोच आजचा रॉयल मेडिकल बेनेव्होलंट फंड. जॉन प्रॉपर्ट यांच्या पुढाकाराने १८५५ साली एप्सम येथे डॉक्टरांच्या अनाथ मुलांसाठी शाळा आणि वृद्धांसाठी आसरा उघडला, त्याचेच पुढे एप्सम कॉलेज झाले. फॅमिली डॉक्टरांसाठी कॅमेरॉन फंड १९७० सालचा आहे.

ही नावे मी एका कारणासाठी एका रांगेत ठेवली. या संस्थांच्या पहिल्या शंभर वर्षांत मदत मागणारे घर हे बहुतेक वेळा मेलेल्या डॉक्टरचे असे. आज ते जिवंत, पण काम करू न शकणाऱ्या डॉक्टरचे असते. मृत्यूनंतरच्या मदतीचा हिशेब तुलनेने सोपा आहे: विधवेला दरमहा किती लागेल आणि मुलगा कमावता कधी होईल. जिवंत आजारी माणसाच्या मदतीत मात्र एक प्रश्न सतत डोके वर काढतो आणि त्याचे उत्तर हिशेबनिसाकडे नसते. हा माणूस कामावर परत येईल का, कुठल्या कामावर येईल आणि त्याला किती महिने लागतील?

संस्थेचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. मदत मागणाऱ्या डॉक्टरला उत्पन्न, बचत, कर्जे आणि आजारपण यांचा तपशील द्यावा लागतो. संस्थेचे कर्मचारी तो तपासतात, कर्जबाजारी झालेल्यांना पैशाच्या नियोजनाचा सल्ला मिळवून देतात आणि प्रकरण समितीसमोर ठेवतात. समितीत स्वयंसेवक म्हणून काम करणारे डॉक्टर असतात. मदत एकरकमी असू शकते, दरमहा असू शकते आणि काही वेळा बिनव्याजी किंवा सवलतीच्या कर्जाच्या रूपातही असते. कामावर परतण्यासाठी लागणारा खर्च, म्हणजे पाळणाघराचे पैसे, उजळणी अभ्यासक्रमाची फी किंवा अपंगत्वाला जुळवून घेण्यासाठी मोटारीत करावा लागणारा बदल, अशा गोष्टींनाही पैसे दिले जातात. काही संस्था एकट्या पडलेल्यांना नियमित फोन करणाऱ्या सोबत्यांची व्यवस्था करतात. यातले काहीही त्या डॉक्टरच्या रुग्णालयाला कळवले जात नाही.

आता समितीच्या टेबलावर आमच्या भूलतज्ज्ञाचा अर्ज आला आहे, असे समजा. सोबत मेंदूविकारतज्ज्ञाचे पत्र आहे. ते निदान सांगते आणि औषध सांगते, पण कामाबद्दल एक ओळही सांगत नाही. समितीतला शल्यचिकित्सक भला माणूस आहे. तो म्हणतो, बिचारीला वर्षभर दरमहा द्या. दुसरा म्हणतो, फिट थांबल्या आहेत, मग तीन महिने पुरेत. दोघेही उत्तम डॉक्टर आहेत आणि दोघेही अंदाजाने बोलत आहेत. समितीत व्यवसाय-आरोग्याचा डॉक्टर असेल तर तो आधी वेळापत्रक मांडतो. सहा आठवडे रजा, नंतर टप्प्याटप्प्याने पूर्ण वेळ, सहा महिने रात्रपाळी नाही, निदान पक्के झाले तर मोटार वर्षभर नाही. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत मोठी तूट, पुढच्या तीन महिन्यांत लहान तूट आणि त्यानंतर फक्त प्रवासखर्च. मदतीचा आकारही तसाच असावा: आधी जास्त, मग कमी, मग संपलेली. दयेपोटी दिलेल्या मदतीला असा उतार नसतो. ती एकतर फार लवकर बंद होते किंवा इतकी लांबते की घेणाऱ्याला आपण कायमचे निकामी झालो आहोत असे वाटू लागते.

याहून महत्त्वाची आणि सहसा न दिसणारी बाब वेगळी आहे. रुग्णालयातला व्यवसाय-आरोग्य विभाग हा मालकाच्या पैशाने चालतो. त्यात गैर काही नाही, पण त्याचा एक परिणाम होतो: नोकरी सुटली की तो विभागही सुटतो. वर्षभर आजारी राहून ज्याचा करार संपला, जो लोकम होता, जो स्वतःच्या दवाखान्याचा भागीदार होता, त्याला कामाविषयी वैद्यकीय सल्ला देणारे कुणी उरत नाही. ज्यांना कामावर परतण्याचा रस्ता सर्वांत लांबचा आहे, नेमके तेच वाटाड्याविना राहतात. धर्मादाय संस्थेकडे येणाऱ्यांत अशांची संख्या मोठी असणे स्वाभाविक आहे. या शाखेच्या डॉक्टरने संस्थेसाठी महिन्यातले काही तास दिले, तर तो सल्ला पुन्हा उपलब्ध होतो आणि तोही मालकाच्या सावलीबाहेर. आजारी डॉक्टरच्या मनात विभागाविषयी एक शंका सदैव असते: हा माझ्या बाजूचा की प्रशासनाच्या? संस्थेत हा प्रश्न उरत नाही.

अर्थात इथेही काही पथ्ये पाळावी लागतात. नोकरीत ज्याला तपासले त्याचाच अर्ज समितीसमोर आला, तर त्या डॉक्टरने बाजूला व्हायचे असते, नाहीतर एका खोलीत विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या खोलीत पुराव्यासारखी वापरली जाते. तसेच समितीत बसून त्याने उपचारांत लुडबुड करायची नसते. तुमचे औषध बदला, असे सांगण्याचा अधिकार त्याला तिथे नाही.

मानसिक आजार आणि व्यसन यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो, कारण तिथे पैशाआधी भीती उभी असते. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी १८५८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे असते आणि आजारामुळे रुग्णांना धोका असेल तर कौन्सिल कामावर अटी घालू शकते. आजार असणे हा काही गुन्हा नाही. उपचार घेणाऱ्या आणि सल्ला मानणाऱ्या बहुतेक डॉक्टरांचा कौन्सिलशी या कारणाने कधी संबंधही येत नाही. पण भीती नियम वाचून येत नाही. डॉक्टर स्वतःच औषध लिहून घेतात, मित्राला व्हरांड्यात गाठून विचारतात, आणि कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वे स्वतःवर व जवळच्यांवर उपचार शक्यतो टाळा, घराबाहेरच्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा असे सांगत असली, तरी ते पुढे ढकलत राहतात. लंडनमध्ये २००० साली भारतीय वंशाच्या एका तरुण मानसोपचारतज्ज्ञाचा आणि तिच्या तान्ह्या मुलीचा करुण अंत झाला. तिने आपला आजार वर्षानुवर्षे लपवून ठेवला होता. तिच्या मृत्यूच्या चौकशीतून जी चर्चा उभी राहिली, तिच्या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांसाठी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. क्लेअर गेराडा या फॅमिली डॉक्टरने तिची धुरा सांभाळली आणि २०१९ पर्यंत ती इंग्लंडभरच्या डॉक्टरांसाठी खुली झाली. उपचार त्या सेवेत होतात, पण उपचारांच्या काळात घर चालवणे हे तिचे काम नाही. त्यामुळे उपचारसेवा, धर्मादाय संस्था आणि व्यवसाय-आरोग्याचा डॉक्टर यांना एकमेकांचे पत्ते ठाऊक असणे यालाच फार किंमत आहे. अनेक आजारी डॉक्टरांना अशा संस्था असतात हेच माहीत नसते, किंवा माहीत असले तरी ‘त्या गरिबांसाठी, आपल्यासाठी नाहीत’ असे वाटते. विभागात समोर बसलेल्या डॉक्टरला हा तज्ज्ञ हळूच विचारतो, घरखर्चाचे कसे चालले आहे? पुष्कळदा मदतीची सुरुवात या एका वाक्यापासून होते.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. भारतात व्यवसाय-आरोग्य ही शाखा कारखान्यांच्या अंगणात वाढली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तिला आकार दिला आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत कारखान्यांच्या डॉक्टरांना तिचे प्रशिक्षण मिळते. चाकण किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातल्या कामगाराची वेळोवेळी तपासणी करणारा डॉक्टर असतो, पण त्या डॉक्टरची तशी तपासणी करणारा कुणी सहसा नसतो. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या काही शाखांनी परस्पर साहाय्याच्या योजना चालवल्या आहेत. त्यांत एखादा सभासद गेला की बाकीचे ठरलेली वर्गणी भरतात आणि ती रक्कम कुटुंबाला मिळते. हे १७८८ च्या लंडनमधल्या कल्पनेचे भावंड आहे आणि त्यातून अनेक घरे सावरली असणार. परंतु ज्याचा हात लुळा पडला आहे अशा पन्नाशीतल्या शल्यचिकित्सकाने बाह्यरुग्ण विभाग चालवावा का, शिकवावे का, की दवाखाना विकावा, हे त्याच्याशी बसून ठरवणारे कुणी या योजनांत नसते. खासगी दवाखाना चालवणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरची अवस्था ब्रिटनच्या भागीदार फॅमिली डॉक्टरशी जास्त जुळते: मालकही तोच, कामगारही तोच आणि आजारी पडल्यावर रजा मंजूर करणाराही तोच.

शेवटी आमच्या भूलतज्ज्ञाच्या अर्जाकडे परत जाऊ. सहाव्या महिन्यात संस्था तिची फाइल पुन्हा उघडते. तिला दुसरी फिट आलेली नाही, मेंदूच्या आलेखात दोष नाही आणि निदान अपस्माराचे नाही, तर एकट्या झटक्याचे ठरले आहे. वाहन परवाना विभागाने हिरवा कंदील दिला आहे. रुग्णालयातल्या विभागाने रात्रपाळ्या सुरू करायला सांगितल्या आहेत, पण लागोपाठ चार नव्हे. आधी एक, मग मध्ये विश्रांती, मग दोन. समितीतला व्यवसाय-आरोग्याचा डॉक्टर हे पत्र वाचतो आणि सुचवतो की रात्रीचा पूर्ण पगार हातात पडायला आणखी एक महिना लागेल, तेव्हा शेवटचा लहान हप्ता तेवढ्यापुरता द्यावा. समिती तो मंजूर करते, फाइलवर ‘पुन्हा तपासणीची गरज नाही’ असा शेरा पडतो आणि पुढचा अर्ज घेतला जातो.